दुर्लक्षित टाकी एका दिवसात स्वच्छ करू नये

माशांची जुनी टाकी ताब्यात घेणाऱ्यांसाठी लिहिलेला एक संदेश सध्या आमच्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "पहिल्याच दिवशी सगळे पाणी काढून टाका. काच, खडी आणि फिल्टर नळाखाली घासून धुवा. ताजे पाणी भरून त्यात मूठभर मीठ आणि निळे औषध घाला. मासे उपाशी असतात, त्यांना पोटभर खायला द्या. टाकी लहान असली तरी काळजी नको, मासा टाकीएवढाच वाढतो. सांभाळणे जमले नाही तर तलावात सोडा. जीव वाचेल आणि पुण्यही लागेल."

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात कळवळाच असतो, याबद्दल मला शंका नाही. मळकट पाण्यात वर येऊन तोंड उघडझाप करणारा मासा पाहिला की ते पाणी ताबडतोब बदलावे असे कोणालाही वाटते. मलाही वाटले होते. अकरा वर्षांपूर्वी एका परिचितांनी दिलेली टाकी मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नेमकी अशीच धुतली आणि रात्री नितळ पाण्यात फिरणारे चार गोल्डफिश पाहून समाधानाने झोपलो. पहाटे त्यांतले तीन तळाशी आडवे पडले होते आणि चौथा दुपारपर्यंत गेला. ज्या घाणीत ते वर्षभर जगले होते तिने त्यांना मारले नाही; मी एका संध्याकाळी केलेल्या बदलाने मारले. म्हणून या संदेशातले एकेक विधान घेऊन त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

"सगळे पाणी काढून टाका" हे विधान सर्वांत घातक आहे, त्यामुळे त्यावर जरा विस्ताराने लिहितो. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या कामात पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची क्षमता, खर्च होते: अमोनियाच्या रूपातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन बदलायला कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता लागते. पाणी बदलत राहिले तर ही तूट भरून निघते. बदलले नाही तर पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या खाली पाणी आम्लधर्मी) खाली घसरत जातो, तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. तरीही मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसे विषारी नसते. शिवाय हा सारा बदल महिनोन्महिने हळूहळू झालेला असल्यामुळे माशाचे शरीर त्याच्याशी कसेबसे जुळवून घेते.

यंदाच्या फेब्रुवारीत शेजारचे काका-काकू मुलाकडे कायमचे राहायला पुण्याला गेले आणि त्यांची दोन फुटी टाकी तीन गोल्डफिश व एका सकरमाशासह (काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा मासा) आमच्याकडे आली. काकांचे गुडघे धरल्यापासून, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, तिचे पाणी बदललेले नव्हते. आटेल तेवढे पाणी स्वयंपाकघरातल्या आरओमधून वर घातले जात होते, कारण ते सर्वांत शुद्ध, असे त्यांना मनापासून वाटत होते. आरओच्या पाण्यात क्षारता जवळपास नसतेच, त्यामुळे ती तूट कधी भरलीच गेली नाही. थेंबांच्या टेस्ट किटने मी पाणी तपासले तेव्हा पीएच तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या रंगाशी, म्हणजे ६ शी, जुळला आणि अमोनिया लिटरमागे ४ मिलिग्रॅम निघाला.

आता हिशेब पाहा. पाण्याचे तापमान २५ अंश आणि पीएच ६ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.०६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांवर जाते. त्या टाकीतले अर्धे पाणी काढून मी बोरिंगचे क्षारयुक्त पाणी भरले असते आणि पीएच ८ पर्यंत चढला असता, तर अमोनिया निम्मा होऊनही त्याचे विषारी रूप चाळीस पटींहून जास्त झाले असते. पाणी डोळ्यांना निम्मे स्वच्छ दिसले असते आणि माशांचे कल्ले त्याच वेळी जळत असते.

यावर कोणी म्हणेल की म्हणूनच सगळे पाणी बदलावे, म्हणजे अमोनिया उरणारच नाही. तेवढे खरे आहे. मात्र जुन्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण फार वेगळे असते (त्या टाकीचा टीडीएस आमच्या नळाच्या पाण्याच्या तिप्पट होता), आणि माशाच्या शरीरातले पाणी व क्षार यांचा तोल बाहेरच्या पाण्याशी बांधलेला असतो. तो तोल एका तासात बदलण्याची ताकद आधीच थकलेल्या माशात नसते. त्यात फिल्टरही धुतलेला असेल तर दुसऱ्या दिवसापासून नवा अमोनिया साचू लागतो, आणि या वेळी तो चढ्या पीएचच्या पाण्यात साचतो.

"ताजे पाणी" म्हणजे कोणते, हेही संदेशात सांगितलेले नाही. इंदूरच्या नळाला नर्मदेचे पाणी येते. १९७८ पासून ते जलूदहून उचलून विंध्याचा चढ चढवून शहरात आणले जाते, आणि पिण्याचे पाणी असल्यामुळे त्यात क्लोरीन असतो. आपल्याला सुरक्षित ठेवणारे हेच क्लोरीन माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजून काढते. थेट नळाचे पाणी वापरायचे असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालावेच लागते. नाहीतर ते उघड्या बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून रात्रभर ठेवावे. बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जमिनीखालून नुकतेच वर आलेले असते तेव्हा त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून तेही रात्रभर हवा देऊन मगच वापरावे.

मी केले ते एवढेच. दोन फुटी टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे ४५ लिटर पाणी असते. त्यातले रोज ५ लिटर नळीने काढायचे, नळीचे तोंड दररोज खडीच्या तळहाताएवढ्या भागातच रोवून तिथला गाळ ओढून घ्यायचा, आणि रात्रभर हवा दिलेले ५ लिटर पाणी एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून, थेंबाथेंबाने, तासाभरात आत सोडायचे. चौथ्या दिवशी पीएच ६.४ झाला. दहाव्या दिवशी तो ७ वर पोचला तेव्हा अमोनिया १ च्या जवळ उतरला होता, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना सांभाळत बदलले. बाराव्या दिवशी सकाळी मोठ्या गोल्डफिशने पाठीवरचा पर पूर्ण उभारला. इतके दिवस तो पर पाठीला ओल्या कागदासारखा चिकटलेला होता, आणि शेपटीच्या कडेला दिसणाऱ्या लाल रेषाही तोवर फिकट झाल्या होत्या.

फिल्टर नळाखाली घासून धुवा, या सल्ल्याने होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो पटकन पटतो. उपयोगी जिवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते स्पंजच्या छिद्रांत, खडीवर आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात वस्ती करतात. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळला की टाकीला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते, आणि नवी वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काकांच्या टाकीतल्या दोन स्पंजांपैकी एक इतका तुंबला होता की फिल्टरमधून सुतळीएवढीच धार पडत होती. टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत मी तो दोनदा हलकेच दाबला, तेव्हा कॉफीसारखा गाळ निघाला. धार मोकळी होताच मी थांबलो आणि स्पंजचा तपकिरी रंग तसाच राहू दिला. दुसरा स्पंज पंधरा दिवसांनी दाबला. साबण कधीही लावू नये. टाकी एका घरातून दुसऱ्या घरात नेताना स्पंज टाकीच्याच पाण्यात, उघड्या भांड्यात न्यावा, कारण बंद फिल्टरमध्ये काही तासांतच प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. मासे त्यांच्याच पाण्याच्या झाकलेल्या बादलीत न्यावेत, आणि पाणी भरलेली टाकी कधी उचलू नये. काचेचे जोड ते वजन सहन करत नाहीत.

मिठाबद्दलचे विधान अर्धे बरोबर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरले की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातले क्लोराइड त्याच वाटेने आत शिरत असल्यामुळे नायट्राइटला अडवते. म्हणून तपासणीत नायट्राइट आढळले तर लिटरमागे १ ग्रॅमपर्यंत मीठ, आधी विरघळवून, थोडे थोडे घालण्यात अर्थ आहे. मूठ हे मात्र माप नव्हे, आणि मीठ पाण्याबरोबर उडून जात नसल्यामुळे दर वेळी घातलेली मूठ आधीच्या मुठीत जमा होत राहते. निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, बुरशीवर उपयोगी आहे, परंतु ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. त्याची गरज पडलीच तर आजारी मासा वेगळ्या बादलीत घेऊन तिथे वापरावे. रोग ओळखल्याशिवाय टाकीत औषध ओतणे म्हणजे अशक्त जिवावर आणखी एक ओझे टाकणे होय.

पोटभर खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे आणि निरोगी मोठा मासा एक-दोन आठवडे न खाता राहू शकतो. गोल्डफिशला तर खरे जठरच नसते, त्यामुळे एकदम दिलेले अन्न साठवण्याची त्याची सोय नाही. अमोनिया मुख्यतः खाण्यातल्या प्रथिनांतूनच तयार होतो, आणि फिल्टरमधले जिवाणू जुन्या, तुटपुंज्या खाण्याच्या बेताचेच असतात. पहिले दोन दिवस काहीही देऊ नये. त्यानंतर दिवसाआड दोन मिनिटांत संपेल एवढे द्यावे, मधूनच साल काढलेला उकडलेला वाटाणा द्यावा, आणि अमोनिया शून्यावर आल्यावरच प्रमाण वाढवावे.

"मासा टाकीएवढाच वाढतो" हे विधान मला फार लागते, कारण त्याच्या आधारावर आपण मासे बरणीत ठेवतो. साधा गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि फुगीर पोटाच्या शोभिवंत जातीही १५ ते २० सेंटिमीटर होतात. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती साचलेल्या मलद्रव्यांमुळे आणि अपुऱ्या पोषणामुळे. जागेचे माप घेऊन शहाणपणाने थांबण्याची क्षमता त्याच्या शरीरात नाही. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. आपल्याकडे दोन वर्षांत मेलेल्या गोल्डफिशला "त्याचे आयुष्यच तेवढे" असे म्हणतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो. या विधानाला उत्तर देताना, माशाचे शरीर थांबले तरी आतले अवयव वाढत राहून तो फुटतो, असेही ठासून सांगितले जाते. तेही निराधार आहे, आणि खरी बाजू मांडण्यासाठी त्याची गरज नाही.

लहान टाकीचा दुसरा तोटा आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कळतो. इंदूरचा पारा ४० च्या वर जातो तेव्हा घरातल्या टाकीचे पाणीही तापते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच मावतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. मार्चअखेर मी चार फुटी जुनी टाकी विकत घेतली, काकांच्या टाकीतले दोन्ही स्पंज तिच्यात लावले, आणि दुपारच्या वेळेसाठी दुसरा एअर पंप जोडला. तिन्ही गोल्डफिश आता तिच्यात आहेत. माझ्या आधीच्या माशांच्या टाकीत मी त्यांना सोडले नाही. बाहेरून आलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी येऊ शकतो, म्हणून त्यांना निदान चार आठवडे वेगळे ठेवावे.

शेवटचे विधान तलावाचे आहे. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर या आपल्या दोन्ही पाणथळ जागा २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्या, आणि मासे सांभाळणे न जमलेले लोक नेमके तिथेच पिशव्या घेऊन जाण्याचा विचार करतात. घरच्या टाकीतला आजारी, अशक्त मासा तिथे सोडला तर तो बहुधा पक्ष्याच्या तोंडी जातो, आणि त्याच्या अंगावरचे रोगजंतू तलावात राहतात. जो जगतो तो आणखी घात करतो. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो. सकरमासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर हाडांचे कवच असल्यामुळे त्याला खाणारे थोडे, पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वरची हवा गिळून जगतो, आणि काठाला बिळे करून अंडी घालतो. भारतातल्या अनेक जलाशयांत तो आता कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो आणि त्यांची जाळी फाडतो. एका जिवावर दया करताना तलावातल्या मूळच्या माशांचा घास आपण काढून घेतो, हे पुण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

काकांच्या टाकीतला सकरमासा आज २२ सेंटिमीटरचा आहे आणि तो याच्या दुप्पट होईल, म्हणून माझी चार फुटी टाकीही त्याला कायमची पुरणार नाही. कोणाकडे सहा फुटी टाकी किंवा बाहेरच्या ओढ्यानाल्याशी न जोडलेला पक्का हौद आहे का, याची मी ओळखीच्या मत्स्यपालकांकडे चौकशी करतो आहे. तशी जागा मिळेपर्यंत तो जुन्या दोन फुटी टाकीत एकटाच आहे, आणि त्याचे १० लिटर पाणी मी दर तिसऱ्या दिवशी बदलतो.