क्रशरशेजारी सुखाने नांदण्यासाठी

गावच्या डोंगराला खडी क्रशर लागला म्हणून घाबरून जाऊ नका. सुरुंग उडाला, मांडणीतली भांडी वाजली, स्वयंपाकघराच्या भिंतीला चीर गेली, तर लगेच पुट्टी भरून रंग मारून घ्या. तारखेसकट फोटो काढायचा, चिरेवर काचेची पट्टी चिकटवायची आणि पुढच्या सुरुंगाला ती तडकते का बघत बसायचं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. द्राक्षांवर धूळ बसली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर नशिबाला बोल लावा. पंचनामा मागाल तर त्याचा कागद होईल, आणि कागद झाला की शेजारधर्म बिघडतो.

मुदतीच्या बाबतीत मात्र शिस्त हवी. हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांचं न्यायालय. त्याच्या २०१० च्या कायद्यात वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. एवढा काळ गावपुढारी भाऊंच्या शब्दावर आरामात निघतो. ‘मी बोललोय त्यांच्याशी,’ भाऊ सांगतील. मग दिवाळी, मग लग्नसराई, मग झेडपीची निवडणूक. भरपाईच्या दाव्याला ५ वर्षं मिळतात आणि त्यात पिकं, फळबागाही धरल्या आहेत, हे निदान घरातल्या शिकलेल्या पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका. लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. ‘पुणं का जवळ आहे?’ असं म्हणा. लेकीकडे महिन्यातून दोनदा जात असलात तरी.

प्रांतसाहेबांना सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा आदेश काढता येतो. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ म्हणत, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. नंबर बदललाय, तो नीट पाठ होईपर्यंत अर्ज करायची घाई नको.

शिष्टमंडळ न्यायचंच झालं, तर ज्याचा टिपर खाणीवर लागलाय त्यालाच पुढे करा. तो मोजणी मागणार नाही. मोजणी झाली की पट्टा एका गटात आणि खड्डा शेजारच्या गटात असले प्रकार बाहेर येतात, आणि महसूल संहितेच्या कलम ४८(७) मध्ये विनापरवाना उपशाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. कशाला कुणाच्या पोटावर पाय?

त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या पेसा गावांनी, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे त्यांनी, तर जास्तच जपावं. तिथे गौण खनिजाचा, म्हणजे दगड, मुरूम, वाळूचा, पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. म्हणून सभेला जाऊच नका. ठरावाची वही शिपाई घरी आणेल. सही करा, चहा पाजा. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर ही रीत पोचली नव्हती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. टिपर लावायची संधी घालवली बिचाऱ्यांनी!

राहता राहिला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. तो खाणपट्टेवाल्यांकडून जमा होतो आणि खाणबाधितांसाठीच असतो. त्यातून पिण्याचं पाणी, दवाखाना असलं काही मागून गावाची शोभा करू नका. स्वागत कमान मागा, वर शेठचं नाव टाका. फक्त उद्घाटनाच्या सकाळी क्रशरच्या रस्त्यावर टँकरने पाणी मारून घ्या. पाहुण्यांचे कपडे पांढरे असतात.