सहावीचा वर्ग आणि एक सही

कंपनीने पैसे दिले म्हणून लस खोटी ठरते का, एवढेच डॉक्टरांनी विचारले होते. आमच्या कट्ट्यावर बालरोगतज्ज्ञ ते एकटेच, त्यामुळे लशींचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा, असा एक अलिखित नियम आहे. त्या संध्याकाळी तो मोडला. वकील टेक्ससचे प्रकरण पुरते वाचून आले होते आणि आयुष्यभर औषध कंपनीची बॅग वाहिलेला आमचा एमआर (डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा कंपनीचा प्रतिनिधी) मित्र गप्प बसण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

वकिलांनी हकिगत क्रमाने मांडली. टेक्सस राज्याचे गव्हर्नर रिक पेरी (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या समजुतीने मुख्यमंत्री) यांनी २ फेब्रुवारी २००७ रोजी एक कार्यकारी आदेश काढला. सप्टेंबर २००८ पासून सहावीत प्रवेश घेणाऱ्या मुलींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस घेतलेली असावी, असा तो आदेश होता. मर्क कंपनीच्या गार्डासिल या लशीला एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मान्यता मिळून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते, त्या विषाणूवर तिकडच्या बाजारात दुसरी लस नव्हती आणि तीन डोसांचा खर्च सुमारे ३६० डॉलर येत होता. विधिमंडळात ना चर्चा झाली ना मतदान. एका सहीसरशी एका कंपनीला राज्यभरातल्या मुली गिऱ्हाईक म्हणून मिळणार होत्या.

"पालकांना नकार देण्याची सोय होती," डॉक्टरांनी आठवण करून दिली.

"होती ना. राज्याच्या आरोग्य खात्याकडून प्रतिज्ञापत्राचा नमुना मागवायचा, नोटरीसमोर सही करायची, कागद शाळेत द्यायचा आणि दोन वर्षांनी सगळे पुन्हा करायचे. रोजंदारी बुडवून हे किती जण करतील?"

मग नावे निघाली. टेक्ससमध्ये मर्कसाठी लॉबिंग करणारे, म्हणजे सरकारदरबारी कंपनीची बाजू लावून धरणारे, माइक टूमी हे पूर्वी पेरींचेच चीफ ऑफ स्टाफ (कार्यालयाचे प्रमुख) होते. राज्याराज्यांतल्या महिला आमदारांची 'विमेन इन गव्हर्नमेंट' ही संस्था या सक्तीसाठी आग्रही होती, आणि तिला मर्ककडून निधी मिळत होता. तिचे टेक्ससमधले काम आमदार डायॅन डेलिसी पाहत होत्या. पेरींच्या त्या वेळच्या चीफ ऑफ स्टाफ डिएड्रा डेलिसी या डायॅन यांच्या सूनबाई. "सासूबाई संस्थेत, सूनबाई गव्हर्नरांच्या कार्यालयात, आणि मधे कंपनी," वकील म्हणाले, आणि सगळे हसले. हसण्यासारखे त्यात फारसे नव्हते. १६ ऑक्टोबर २००६ रोजी गव्हर्नरांच्या कार्यालयात याच लशीविषयी बैठक झाली आणि त्याच दिवशी मर्कच्या राजकीय निधीतून पेरींच्या प्रचाराला ५,००० डॉलर मिळाले. हा निव्वळ योगायोग असल्याचा खुलासा त्यांच्या कार्यालयाने नंतर केला.

डॉक्टरांना हे पटण्यासारखे नव्हते. पाच हजार डॉलरला एवढ्या मोठ्या राज्याचा गव्हर्नर विकला जातो, हे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू, असे ते म्हणाले. गंमत अशी की २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेल्या वादसभेत खुद्द पेरींनीही जवळजवळ हाच बचाव केला होता.

इथे एमआर पुढे सरसावला. "अहो डॉक्टर, विकत घ्यायला पैसे देतच नाहीत," तो म्हणाला. "दार उघडायला देतात." त्याने मग आपल्या बॅगेचे वर्णन केले. वर व्हिज्युअल एडची फाइल, खाली सॅम्पलच्या पट्ट्या, बाजूच्या खणात औषधाचे नाव छापलेली पेने. दवाखान्याबाहेरच्या बाकावर दीड तास थांबायचे आणि आत दीड मिनिट बोलायला मिळायचे. त्या दीड मिनिटासाठी बाकीचा सगळा खटाटोप. "मी एकाही डॉक्टरला कधी खोटे लिहायला सांगितले नाही. लिहिताना माझे औषध आधी आठवेल, एवढेच पाहिले. टूमींनी याहून वेगळे काय केले असेल? फक्त त्यांना बाकावर बसावे लागले नसेल." डॉक्टरांच्या खिशाला त्या वेळी कोणते पेन होते ते मी मुद्दाम पाहिले, पण इथे लिहीत नाही.

डॉक्टर मात्र पुराव्यावरून हटले नाहीत, आणि ते योग्यच होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात आणि गार्डासिल त्या दोन्हींविरुद्ध काम करते. स्वीडनमधला मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये ही घट ८७ टक्के भरली. "लॉबिंग झाले हे मान्य," ते म्हणाले, "पण ज्या गोष्टीसाठी झाले ती गोष्ट खरी निघाली, याचे काय करायचे?"

वकिलांचे उत्तर मला अजून आठवते, कारण तिथून वादाचा रोखच बदलला. हे आकडे आदेशानंतर तेरा-चौदा वर्षांनी आले. २००७ च्या फेब्रुवारीत चाचण्यांमधून एवढेच दिसले होते की कर्करोगाआधीचे पेशींमधले बदल ही लस रोखते. प्रत्यक्ष कर्करोग किती टळतो आणि संरक्षण किती वर्षे टिकते, हे कळायला काळच जावा लागणार होता. शिफारस करायला तेवढे पुरेसे होते. शाळेच्या दारात अट म्हणून उभे करायलाही ते पुरेसे होते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो कंपनीच्या माणसाने कानात सांगून सुटत नाही.

बाई आतापर्यंत फक्त ऐकत होत्या. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे वर्ग म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. "गोवराचे मला कळते," त्या म्हणाल्या. "एक मूल खोकत आले की पंधरवड्याभरात बाक रिकामे पडतात. पण हा विषाणू शेजारी बसून होत नाही. मग शाळेनेच का अडवायचे?"

"धनुर्वात तर माणसाकडून माणसाला होतच नाही," डॉक्टर म्हणाले, "तरी त्याची लस तिकडच्या शाळांच्या यादीत आहेच. शाळा हे एकच ठिकाण आहे, जिथे झाडून सगळी मुले एका वयात हाती लागतात."

"म्हणूनच ते दार इतके मोलाचे," एमआर पुटपुटला.

वकिलांनी कायद्याची बाजू थोडक्यात सांगितली. देवीची साथ असताना लस नाकारणाऱ्याला पाच डॉलर दंड करण्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये उचलून धरला. लस न घेतलेल्या मुलीला शाळेत न घेण्याचा शहराचा नियमही त्याच न्यायालयाने १९२२ मध्ये वैध ठरवला, आणि ते शहर होते टेक्ससमधलेच सॅन अँटोनियो. त्यामुळे सरकार सक्ती करू शकते यात वाद नाही. पुढे १९८६ च्या कायद्याने लशीमुळे झालेल्या इजेची भरपाई एका स्वतंत्र निधीकडे गेली. हा निधी प्रत्येक डोसामागे, तो ज्यांपासून वाचवतो त्या प्रत्येक आजारासाठी आकारलेल्या ७५ सेंटच्या करातून उभा राहतो. लस शाळेच्या यादीत गेली की कंपनीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही आणि कोर्टाचीही फारशी धास्ती उरत नाही, असा वकिलांचा निष्कर्ष होता. डॉक्टरांनी त्याला निम्मेच उत्तर दिले, पण ते महत्त्वाचे होते. खटल्यांना कंटाळून कंपन्या लशी बनवणेच सोडू लागल्या होत्या, म्हणून तो कायदा आला. शिवाय त्याच व्यवस्थेने ऑगस्ट १९९८ मध्ये मान्यता मिळालेली रोटाशील्ड ही लस आतड्याच्या गुंतागुंतीचे रुग्ण दिसताच ऑक्टोबर १९९९ पर्यंत बाजारातून काढायला लावली.

मी एकदाच तोंड घातले. पैशाचा माग काढायचा तर तो दोन्ही बाजूंना काढावा लागेल. गोवराची एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांनी पैसे घेतले होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी हितसंबंधांचे कारण पुढे करून लसविषयक सल्लागार समितीचे सगळे १७ सदस्य काढून टाकले. त्यांच्याच मालमत्तेच्या विवरणात मात्र गार्डासिलविरुद्धच्या खटल्यांतल्या शुल्काचा वाटा मिळण्याची तरतूद नमूद होती. वकील यावर काहीसे अस्वस्थ झाले, बहुधा आपल्या व्यवसायाचे नाव दोनदा आले म्हणून.

टेक्ससच्या त्या आदेशाचे पुढे काय झाले, हे बाईंनी विचारले. आदेशानंतर तीन आठवड्यांच्या आतच मर्कने राज्यांमधले सक्तीसाठीचे लॉबिंग थांबवत असल्याचे जाहीर केले. विधिमंडळाने प्रचंड बहुमताने आदेश रद्द करणारा कायदा केला आणि पेरींनी मे महिन्यात तो सहीविनाच अमलात येऊ दिला. त्या आदेशाखाली एकाही मुलीला लस टोचली गेली नाही; उलट लशीच्या नावापुढे कंपनीचा शिक्का बसला तो बसलाच. डॉक्टरांना खरा राग याचाच होता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाने हीच लस शाळांमधून द्यायला सुरुवात केली, असे तेच म्हणाले. तिथल्या सल्लागार समितीने आधीच्या नोव्हेंबरात ती महाग म्हणून नाकारली होती. कंपनीने किंमत उतरवल्यावर महिन्याभरात होकार आला. सक्ती नव्हती. दप्तरातून संमतीपत्र घरी जायचे, सही होऊन परत यायचे आणि परिचारिका शाळेत येऊन फुकट लस टोचायची. सत्तर टक्क्यांहून अधिक मुलींचे तिन्ही डोस पूर्ण झाले.

"मग टेक्ससला हे का सुचले नाही?" बाईंनी विचारले.

"त्या वाटेने जायचे तर कंपनीला समोर बसून किंमत उतरवावी लागते," एमआर म्हणाला.

"आणि सरकारला शाळेत जाणारी परिचारिका पगार देऊन ठेवावी लागते," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "पेरींना फक्त पेन लागले."