बुडाशी काळे पडणारे टोमॅटो

लेख आवडला, पण टोमॅटो बुडाशी काळे पडले की अंड्याची टरफलं घाला, हा सल्ला काही पटला नाही. आम्ही न्यू जर्सीत डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्यावर, बादल्यांमध्ये टोमॅटो लावतो, यंदा सातवं वर्ष. पहिले दोन उन्हाळे मीही टरफलं कुटून घातली. ती मातीत मुरायला महिनोन् महिने लागतात, तोवर फळ हातचं गेलेलं असतं. टरफलं घालायची ती कॅल्शियमसाठी, पण ते मातीत बहुधा असतंच. पाणी कमीजास्त झालं की हे कॅल्शियम फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही, एवढंच. जुलैत डेकच्या फळ्या अशा तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही. सकाळची ओली माती दुपारी चारला बादलीच्या कडेपासून सुटलेली असते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. झाड कोरडंच! आता पाच गॅलनची बादली, बुडाला भोकं, खाली दोन विटा, वर वाळल्या गवताचा थर आणि उकाड्यात दोन वेळा पाणी. काळी बुडं जवळजवळ थांबली.

जात म्हणाल तर 'रटगर्स', इथल्याच विद्यापीठाची, १९३४ सालची. बादलीत एकच रोप हं, दोन लावायचा मोह आवरा. कोथिंबीर मात्र एप्रिलमध्येच पेरून टाका, ऊन वाढलं की ती फुलावर येते.

खारींवर कोणाकडे उपाय आहे का? पिकलेल्या टोमॅटोचा एक चावा घेऊन तो कठड्यावर ठेवून जातात. पूर्ण खातसुद्धा नाहीत मेल्या.