‘भूक लागली तर मागेलच’ हे कुपोषित बाळाला लागू पडत नाही

सध्या फिरत असलेला मेसेज असा: ‘बाळाच्या शरीरातली भुकेची हॉर्मोन कधी चुकत नाहीत. मागत नाही म्हणजे पोट भरलंय. जबरदस्ती नको, फार तर भुकेचं टॉनिक द्या.’

जबरदस्ती नको, हे कबूल. धडधाकट बाळ हात चोखून, तोंड पुढे करून भूक सांगतं आणि पोट भरलं की तोंड फिरवतं. हाच नियम सुकलेल्या बाळाला लावला की घोळ होतो.

‘हॉर्मोन चुकत नाहीत.’ बरं, नाही चुकत. 1999 साली सापडलेलं घ्रेलिन जठरात तयार होतं आणि भूक वाढवतं. चरबीतून येणारं लेप्टिन भूक आवरतं. हाडं दिसू लागलेल्या बाळात चरबीच उरलेली नसते, म्हणून लेप्टिन तळाला जातं आणि घ्रेलिन बहुधा चढलेलं असतं. हॉर्मोन ‘खा, खा’ म्हणत असतात, तरी बाळ तोंड उघडत नाही! कारण मेंदूला आणखीही निरोप येतात. जंतुसंसर्ग झाला की शरीरात सुटणारी सायटोकाइन्स भूक मारतात. त्यात तीव्र कुपोषणात संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही, त्यामुळे बाळ आजारी आहे हे घरात कळतही नाही.

‘मागत नाही म्हणजे पोट भरलंय.’ रडायलाही ताकद लागते. उपाशी शरीर ती राखून ठेवतं, आणि आपण म्हणतो, किती शहाणं बाळ! सहा महिन्यांवरच्या बाळाच्या दंडाचा घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर डॉक्टर उपचारी आहाराची पेस्ट देऊन भूक तपासतात. बाळाने ती पुरेशी खाल्ली नाही, तर भरती करतात. मेसेजवाले ज्याला पोट भरल्याची खूण म्हणतात, ती इथे धोक्याची खूण ठरते. सहा महिन्यांहून लहान बाळ अंगावर नीट ओढत नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर थांबूच नये.

टॉनिकबद्दल थोडक्यात: भूक वाढवायला सर्रास दिलं जाणारं सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने गुंगी येते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत ते सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आणि ‘मग भरपूर भरवू’ हेही नको. एकदम जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, हृदयावर ताण येतो. म्हणून रुग्णालयात सुरुवात 100 मिलिलिटरला 75 कॅलरीच्या दुधाने, थोडंथोडं, दर दोन-तीन तासांनी होते. पीत नसेल तर नाकातल्या नळीने. काही दिवसांनी बाळ स्वतःहून वाटीकडे झेपावतं आणि पायांवर सूज असेल तर ती ओसरू लागते. तेव्हा कुठे 100 कॅलरीचं दूध सुरू करतात.