फोनमधला पांढरा ठिपका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो साध्या फोनने काढून शास्त्रज्ञांपर्यंत पोचवावेत, हे माझं आवाहन तुम्हाला पटलं नाही. तुमचे आक्षेप तीन आहेत. फोनच्या फोटोत सूर्य म्हणजे नुसता पांढरा ठिपका, त्यात विज्ञान कुठलं? सूर्यावर चोवीस तास नजर ठेवणारी यानं असताना हौशी फोटो कुणाला हवेत? आणि असल्या आवाहनांपायी कुणाचे डोळे गेले तर जबाबदार कोण?

डोळ्यांचं आधी बोलू, कारण तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. फोनच्या पडद्यावर सूर्य पाहण्यात धोका नाही. पण फ्रेम जुळवताना माणूस फोनच्या कडेवरून वर बघतो, आणि तिथेच डोळ्याचा पडदा भाजतो. तेव्हा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. खंडग्रास अवस्थेत सूर्य थेट पाहण्यासाठीच्या आयएसओ १२३१२-२ या मानकाचा चष्मा डोळ्यांवर हवाच. फोन दुर्बिणीला लावणार असाल तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडाशी, सूर्याकडच्या बाजूला बसवायचा. चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं म्हणजे डोळा गमावणं. माझी पसंती फोन स्टँडवर ठेवून बाजूला होण्याला आहे. ८ एप्रिल २०२४च्या ग्रहणासाठी वेस्टर्न केंटकी विद्यापीठातल्या मंडळींनी केलेलं सनस्केचर हे अ‍ॅप असंच चालायचं. जागेवरून ते खग्रास स्थितीच्या वेळा काढायचं आणि नेमक्या क्षणी आपोआप फोटो घ्यायचं. माणसाने फोनला हात लावायचा नाही, ग्रहण बघायचं.

आता ठिपका. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फोनच्या मुख्य लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) साधारण ५-६ मिलिमीटर असतं आणि सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. म्हणजे सेन्सरवर सूर्याची प्रतिमा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, फार तर चाळीसेक पिक्सेल रुंद. त्यात ना सौरडाग नीट दिसतील, ना प्रभामंडलाचे (कोरोनाचे) धागे. सुंदर चित्र हवं असेल तर फोन हे चुकीचं साधन आहे.

पण इथे चित्र नकोच आहे, हवी आहे वेळ. चंद्र सूर्याला पुरता झाकायच्या आधी काही सेकंद चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून प्रकाशाचे मणी चमकतात. फ्रान्सिस बेली यांनी १८३६च्या कंकणाकृती ग्रहणात त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते बेलीचे मणी. कुठला मणी कुठल्या दरीतला, हे आज सांगता येतं, कारण २००९पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने तिथले डोंगर-दऱ्या बारकाईने मोजले आहेत. म्हणजे मणी विझल्याचा क्षण आणि फोनची जागा कळली, की त्या ठिकाणी सूर्याची कडा नेमकी कुठे होती हे गणिताने काढता येतं. त्यासाठी मणी देखणा दिसायची गरज नाही. तो होता की नव्हता एवढं पुरतं. वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी फोन स्वतःच नोंदवतो.

कडा कशासाठी? सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून विषुववृत्तावर तो किंचित फुगलेला, म्हणजे ध्रुवांशी चपटा आहे. सुमारे ७ लाख किलोमीटर त्रिज्येत फरक अवघ्या काही किलोमीटरांचा. या फरकावरून मोठा वाद झाला आहे. १९६७मध्ये रॉबर्ट डिकी आणि मार्क गोल्डनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांच्या मोजमापात सूर्य बराच जास्त चपटा आला. चपट्या सूर्याच्या ओढीनेही बुधाची कक्षा सरकते, म्हणून ते खरं असतं तर त्या कक्षेचं शतकामागे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकणं आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताशी इतकं चपखल जुळलं नसतं. पुढच्या मोजमापांनी सूर्याचा चपटेपणा पुष्कळ कमी असल्याचं दाखवलं. सूर्याच्या पोटातली हालचाल समजून घ्यायला हा आकडा आजही मोलाचा आहे.

यानांनी तो मोजला आहे, हेही खरं. पण यानातल्या दुर्बिणीचे स्वतःचे दोष असतात, आणि ते काही किलोमीटरांच्या फरकात सहज मिसळतात. ग्रहणात सूर्याला कापणारी कडा ३ लाख ८० हजार किलोमीटरांवर, वातावरणाच्याही बाहेर असते. ही पूर्णपणे वेगळी पद्धत आहे, आणि वेगळ्या वाटेने तेच उत्तर आलं तरच त्यावर भरवसा ठेवता येतो.

एकट्या फोनने हे साधणार नाही, तेही सांगतो. चंद्राची कडा सूर्यबिंबावरून सेकंदाला जवळपास ३०० किलोमीटर सरकते, म्हणजे वेळेत दशांश सेकंदाची चूक झाली तर कडेची जागा ३० किलोमीटरने चुकली. म्हणून संख्या लागते. चुका इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील तर दहा हजार फोनच्या सरासरीत त्या शंभरपट कमी होतात. मात्र सगळ्यांची चूक एकाच दिशेची असेल तर लाख फोनही उपयोगाचे नाहीत. तुमच्या आक्षेपातला सगळ्यात सकस भाग मला हाच वाटतो.

आजच्या फोनमध्ये ही एकदिश चूक येते ती त्यांच्या हुशारीतून. एचडीआर आणि नाइट मोड अनेक फ्रेम्स एकत्र करून एक फोटो बनवतात. मग त्यावरची वेळ कुठल्या फ्रेमची? म्हणून ते बंद ठेवायचे, डिजिटल झूम टाळायचा, फोकस आणि एक्सपोजर आधी लॉक करायचे, घड्याळ आपोआप जुळणारं ठेवायचं, लोकेशन चालू. आणि मूळ फाइल तशीच द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो आणि त्यातली वेळ-जागेची नोंदच पुसली जाते. कितीतरी चांगले फोटो असे वाया जातात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हौशी माणसांवर विसंबण्याची रीतही नवी नाही. १७१५च्या ग्रहणाआधी खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी सावलीच्या वाटेचा नकाशा छापला आणि अंधार किती वेळ टिकला ते कळवा, अशी इंग्लंडभरच्या लोकांना विनंती केली. कालावधी विचारण्यात मोठी हुशारी होती: घड्याळ पुढे-मागे असलं तरी कालावधी बरोबरच येतो. सावली जिथून गेली त्या खग्रास पट्ट्याच्या काठावरून आलेल्या त्या नोंदी वापरून १९८०मध्ये संशोधकांनी १७१५ सालच्या सूर्याची त्रिज्या काढली. २४ जानेवारी १९२५ला न्यूयॉर्कमध्ये वीज कंपनीचे कर्मचारी गच्च्यांवर उभे करून खग्रास पट्ट्याची कड शोधली. ती ९६व्या रस्त्याच्या आसपास निघाली. यातल्या कुणाच्याही नोंदीत सुंदर असं काही नव्हतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की पट्ट्याबाहेर, जिथे ग्रहण फक्त खंडग्रास दिसतं, तिथल्या फोटोंचं काय. तिथे मणी दिसत नाहीत, त्यामुळे या कामाला ते उपयोगाचे नाहीत. तिथून हवेचं तापमान आणि ढगांच्या नोंदी द्याव्यात. नासाच्या ग्लोब ऑब्झर्व्हर अ‍ॅपमध्ये ग्रहणकाळात त्याची सोय केली गेली आहे. आणि २ ऑगस्ट २०२७च्या ग्रहणाला प्रवास करणार असाल, तर इजिप्तमधल्या लक्सरच्या परिसरात सहा मिनिटांहून जास्त अंधार मिळेल. पण मणी जास्त वेळ दिसतात ते पट्ट्याच्या काठाजवळ, जिथे चंद्राची कडा सूर्याला घासत जाते. तिथे खग्रास स्थिती काही सेकंदांचीच. पहिलंच खग्रास ग्रहण असेल तर मध्यावरच जा. आधी एखादं पाहिलेलं असेल, तर काठावर उभ्या राहणाऱ्या फोनची गरज जास्त आहे.