घरबसल्या घुसखोर ओळखा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. लिफ्टसमोर खांद्यावर सिमेंटची गोणी घेतलेला एक माणूस, त्याच्यामागे घमेले धरलेला एक पोरगेलासा बिगारी, आणि खाली प्रश्न : 'हे बांगलादेशी कोणाच्या घरी आले आहेत?' ते माझ्या घरी आले होते. आमच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपते अशी तक्रार होती, म्हणून वॉटरप्रूफिंगचे आणि नव्या टाइल्सचे काम मी त्या मिस्त्रीला दिले होते. अकरापर्यंत ग्रुपवर एकेचाळीस अंगठे उंचावले, साडेबारापर्यंत त्या दोघांना चौकशीसाठी नेण्यात आले, आणि पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातल्या त्यांच्या ग्रामपंचायतीचे पत्र, जमिनीचे कागद आणि मतदार यादीचे पान फोनवर येऊन पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते सुटले. सुटल्यावर ते माझ्याकडे आले, अर्ध्या कामाची मजुरी मोजून घेतली आणि कुर्ल्याहून हावड्याला जाणारी गाडी पकडून निघून गेले. त्याला आज अठरा दिवस झाले. आमच्या बाथरूममध्ये कमरेपर्यंत टाइल्स आणि वर उघडा गिलावा आहे, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या बिऱ्हाडात अंघोळीला जातो.

त्यानंतरच्या रविवारी या विषयावर सोसायटीची तीन तास सभा झाली. तिथे स्थलांतर, आश्रय आणि राष्ट्रीय सुरक्षा यांविषयी जे ज्ञान मला मिळाले ते एकट्याने पचवणे अवघड आहे, म्हणून वाचकहो, त्यातले थोडे तुमच्यासाठी काढून ठेवतो. तुमच्याही इमारतीत लवकरच अशी सभा होईल, तेव्हा उपयोगी पडेल.

सर्वप्रथम, शब्दांच्या भानगडीत पडू नका. निर्वासित, स्थलांतरित मजूर, आश्रय मागणारा आणि घुसखोर हे चार वेगळे शब्द मराठीत कोणी तरी उगाच करून ठेवले आहेत. तुम्ही शेवटचा उचला आणि बाकीचे तीन परत करा. कोणी आक्षेप घेतलाच तर कायदाही तुमच्याच बाजूने असल्याचे सांगता येईल, कारण १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पुरवणीवर भारताने सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा घ्या किंवा त्याच्या जागी सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला नवा कायदा घ्या, जीव वाचवून पळून आलेली बाई आणि मजुरीसाठी रात्रीतून नदी ओलांडून आलेला माणूस हे दोघेही तिथे आधी फक्त 'परकीय' असतात. मग कोणाला ठेवून घ्यायचे हे प्रत्येक सरकारने प्रत्येक गटापुरते आपल्या सोयीने ठरवायचे. नियमच लिहिलेला नसल्यामुळे तुम्ही तो मोडता आहात असे म्हणायला कोणी उभे राहू शकत नाही, आणि वाद घालणाऱ्याला एवढी मोकळीक जगात फार थोड्या ठिकाणी मिळते.

सभेत दुसऱ्याच मिनिटाला 'भारत ही काही धर्मशाळा नाही' हे वाक्य उच्चारावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात तसे म्हटले असल्यामुळे त्याला वजन आहे. हे वाक्य म्हणताना फक्त दोन गोष्टी आठवू नयेत. एक, १९५९ मध्ये तिबेटमधून आलेले दलाई लामा आपल्याकडे इतकी वर्षे ज्या गावात राहतात त्या गावाचे नाव धर्मशाळा असे आहे. दुसरी, आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या परिसरात तिबेटी वसाहत आहे आणि तिच्यामुळे विदर्भ बुडालेला नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा अभिमान याच मिनिटाला व्यक्त करून टाकावा; मात्र त्यात तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची सोय असताना, तमिळनाडूच्या छावण्यांत दशकानुदशके राहिलेले श्रीलंकेचे हिंदू का नाहीत, असे विचारणारा खडूस माणूस जवळपास बसलेला नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

घुसखोरांचा आकडा नेहमी कोटीतच सांगावा.

इतिहास मोजायला सुरुवात आपले स्वतःचे कुटुंब गावात येऊन स्थिरावल्यानंतर करावी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, हे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कित्येक वर्षे राहिले आणि ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर उभे राहिले, जिथून आपल्या सोसायटीतल्या निम्म्या सुनांच्या लग्नाचा बस्ता बांधला गेला, तेही वेगळेच. वेगळे का, हे सांगण्याची गरज नाही. 'ते वेगळे होते' एवढेच ठामपणे म्हणावे आणि पाण्याचा घोट घ्यावा.

भाषेवरून माणूस ओळखणे हा तर सर्वांत शास्त्रीय मार्ग. बंगाली बोलला की बांगलादेशी. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात बंगाली मातृभाषा असलेल्यांची संख्या ९ कोटी ७२ लाख होती आणि मराठी मातृभाषा असलेल्यांची ८ कोटी ३० लाख, म्हणजे या देशात आपल्यापेक्षा ते जास्त आहेत, ही माहिती सभेत काढल्यास वातावरण बिघडते. गडचिरोलीतल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे सरकारनेच वसवली, त्यांची नातवंडे आज मराठी आणि बंगाली दोन्ही बोलतात. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या लिफ्टसमोर उभा राहिला तर त्याने कोणत्या भाषेत फोन घ्यावा, याची सूचना नोटीस बोर्डावर लावणे सोयीचे पडेल.

आता कागदपत्रे. 'नागरिक असेल तर कागद दाखव, त्यात एवढे काय?' हा प्रश्न आमच्या खजिनदारसाहेबांनी सभेत सात वेळा विचारला. मिस्त्रीने आधार कार्ड दाखवलेच होते. ते चालणार नाही, असे त्याला सांगण्यात आले, आणि ते कायद्याने अगदी बरोबर आहे, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिले आहे, आणि नुसत्या आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रावरून कोणी नागरिक ठरत नाही असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले आहे. तर मग खजिनदारसाहेब, तुमच्या खिशात यापेक्षा वेगळे काय आहे? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेल्याला फक्त इथला जन्म दाखवायचा आहे. त्यानंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एक जण नागरिक असल्याचे दाखवावे लागते. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला त्याशिवाय दुसरा पालक बेकायदा आलेला नव्हता हेही दाखवावे लागते. माझ्या आईचा जन्म दिवाळीनंतर, ऊसतोड सुरू झाली त्या आठवड्यात झाला, एवढेच घरात ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तिचा जन्म १ जूनला लावला, जसा तुमच्या आईचा लावला आणि सभेत बसलेल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांचा लावला. दाखल्यावर तिचे माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, आणि सातबाऱ्यावर तलाठ्याला जे ऐकू आले ते. ही तीन नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला तिला तीन दिवस दिले, आणि तेही कोठडीच्या बाकावर बसून, तर ती काय करेल? आणि सिद्ध तिनेच करायचे बरे का, कारण चोरीच्या आरोपात गुन्हा सरकारने सिद्ध करावा लागतो, पण 'तू परका आहेस' या आरोपात आपण परके नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचे, असे १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात होते आणि नव्या कायद्यानेही ते तसेच जपले आहे. आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदणीची (एनआरसी) यादी करताना हा प्रयोग करून झाला आहे. सव्वातीन कोटींहून अधिक लोकांनी अर्ज भरले, पंजोबांच्या नावांची जुन्या याद्यांतली स्पेलिंगे जुळवली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९ लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर राहिली; मग ज्यांनी यादी मागितली होती त्यांनाच ती पसंत पडली नाही, कारण बाहेर राहिलेल्यांत त्यांची स्वतःची माणसेही बरीच निघाली. आणि आसाम दूर वाटत असेल तर मुंबईच्या आसपासचेच घ्या. जून २०२५ मध्ये इथून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले, आणि ते भारतीयच असल्याचे उघड झाल्यावर परत आणावे लागले. परत आणले म्हणून झाले का? मधल्या रात्री सीमेवरच्या शेतात त्यांनी काय केले असेल, याचा विचार ग्रुपवर अंगठा उंचावणाऱ्या एकेचाळीस जणांपैकी एकाने तरी केला का?

माझा आवाज चढला. सल्ल्याकडे वळतो.

मुलगा अमेरिकेत असल्यास स्थलांतराचा विषय निघताच डोळे ओले करण्याची कला अवगत असावी. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्क लागण्याची घोषणा झाली, त्या रात्री आमच्या याच ग्रुपवर सुतक होते. मेहनती लोकांच्या पोटावर असा पाय कोणी देते का, रंग बघून माणसाला वागवायचे दिवस गेले ना, असे तेव्हा ज्यांनी लिहिले, त्यांनीच मंगळवारी सकाळी लिफ्टसमोरचा तो फोटो टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्राचे होते. ते तिथे घुसखोरच होते ना? मग त्यांच्या हातापायांतल्या बेड्या पाहून तुम्हाला वाईट का वाटले? वाटले ते बरोबरच होते, पण ते वाईट वाटणे न्यू जर्सीपर्यंत पोहोचते आणि आपल्याच जिन्यात येईपर्यंत त्याला धाप का लागते?

मला आता सल्ले देता येत नाहीत. सरळच बोलतो. सीमा सांभाळणे हे सरकारचे काम आहे, बेकायदा आलेल्याला शोधणे हेही त्याचेच काम आहे, आणि पैसे घेऊन खोटे जन्मदाखले करून देणारे दलाल आणि त्यांना शिक्का मारून देणारे कर्मचारी पकडले जावेत असे मलाही वाटते. त्यांचे फोटो तुम्ही कधी काढले नाहीत. आश्रय कोणाला द्यायचा, ते कोणी ठरवायचे, किती दिवसांत ठरवायचे आणि चुकीचे ठरले तर दाद कुठे मागायची, यासाठी एक कायदा हवा, हा एकच प्रश्न खरा वादाचा होता आणि तीन तासांत तो एकाच्याही तोंडून आला नाही. तुम्ही सव्वादोन तास बंगाली माणसे दिसतात कशी यावर बोललात आणि उरलेला वेळ नाश्त्यात घालवलात. दोन माणसांना तुम्ही तीन दिवस डांबायला लावले, कारण त्यांचे बोलणे तुम्हाला कळले नाही आणि विचारण्याचे कष्ट तुम्हाला नको होते. माझ्या घराची बेल तुमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. ते भारतीय आहेत हे कळल्यावरही 'पण सावध राहिलेले बरे' असे लिहून वर नमस्काराचे चिन्ह टाकणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती.

तो फोटो अजून ग्रुपवर आहे, त्यात धाकट्या पोराचा चेहरा स्वच्छ दिसतो, आणि इतक्या दिवसांनी तो सर्वांच्या फोनमधून पुसता येणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान त्याच्याखाली एक ओळ लिहा, की हे दोघे मालद्याचे आहेत, भारतीय आहेत आणि चूक आमची झाली. अठरा दिवस मी रोज रात्री ग्रुप उघडून पाहतो. ती ओळ अजून आलेली नाही.