‘जाई म्हणून जंगली वेल माथी मारली’ या अभिप्रायाला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दिवाळीच्या गर्दीत राहून गेला, आज उत्तर देतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी जुलैत 180 रुपयांना जाई म्हणून नेलेलं रोप जंगली निघालं, शेजारच्या शेवग्यावर चढलं, गणपतीच्या आधी कापलं तरी एक फूल आलं नाही, आणि वर हाताला पुरळ उठलं.

पहिली चूक आमची. पाटीवर ‘रानजाई’ लिहिलं होतं आणि आमच्या पोरानं ‘जाईतलाच प्रकार’ म्हणून सांगितलं. तसं नाही. रानजाई किंवा मोरवेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतली क्लेमॅटिस. परदेशी बागांच्या फोटोत ती मोठी जांभळी फुलं दिसतात ना, त्यांच्या भावकीतली. जाई मोगऱ्याच्या घरातली. दोघींची पानं देठावर समोरासमोर येतात, फुलं पांढरी, म्हणून नाव पडलं असेल, नातं काही नाही. तुम्हाला गजऱ्यासाठी जाई हवी होती, हे विचारायला पाहिजे होतं. आता पाटीवर ‘मोरवेल (जाई नव्हे)’ असं लिहिलंय.

पुरळाचंही आमच्याच पदरात घ्या. या वेलीचा रस झोंबतो, कातडी नाजूक असेल तर फोडही येतात. कापताना हातमोजे घाला आणि डोळ्याला हात लावू नका, हे विकतानाच सांगायला हवं होतं. पुरळ अजून असेल तर डॉक्टरांना दाखवा, घरचा पाला चोळत बसू नका.

पण ‘रोपच वांझ दिलं’ हे मला मान्य नाही.

तुम्ही लिहिलंत, ‘आमच्या मिस्टरांची तासगावला द्राक्षबाग आहे, छाटणी आम्हाला शिकवू नका.’ अहो, घोटाळा तिथेच झालाय. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी घेता, त्यानंतर फुटलेल्या काडीत उन्हाळ्यातच घडाची तयारी होते आणि ऑक्टोबरला त्या तयार काडीवर फळछाटणी घेता. म्हणजे माल आधीच काडीच्या डोळ्यात, म्हणजे फुटायच्या अंकुरात, भरलेला असतो. मोरवेलीचा हिशेब वेगळा. पावसात जी नवी काडी धावते, तिच्याच शेंड्याकडे पाऊस सरताना कळ्या येतात. तुम्ही गणपतीच्या आधी कापलीत, म्हणजे भरत आलेले शेंडेच उतरवलेत. वेलीनं पुन्हा पाला काढला, फुलायला दिवस उरले नाहीत. पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत यात मात्र तुमचा दोष नाही, रोप तेव्हा मुळं धरत होतं.

हिची छाटणी फेब्रुवारी संपता संपता, उशिरात उशिरा होळीपर्यंत घ्यायची, नवी फूट जोर धरायच्या आत. आणि हात आखडायचा नाही. जमिनीपासून एक-दीड फूट ठेवून, जिथे डोळ्यांची टपोरी जोडी दिसेल तिच्या जरा वर कात्री लावा आणि बाकीचं सगळं उतरवा. बघणाऱ्याला वाटतं वेल मेली. माझ्या आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. खाली डोळाच नसलेल्या जुन्या, लाकडासारख्या खोडावर मात्र कापू नका, तिथून फुटेलच याची खात्री नाही. न छाटता सोडली तर फुलं येतात, पण सगळी वर गच्चीच्या उंचीला, आणि खाली नुसत्या वाळक्या काड्यांचा गुंता.

शेवग्यावर का गेली तेही सांगतो. फोटोत तुम्ही तिला सिमेंटच्या खांबाला सुतळीनं बांधलेलं दिसतंय. हिला द्राक्षासारखे ताणे नसतात, पानाच्या देठानंच ती विळखा घालते. तेवढासा देठ खांबाला कसा वेढणार? तिला पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी लागतं, ते शेवग्याच्या डहाळ्यांत मिळालं. खांबाभोवती कोंबडीजाळी गुंडाळा, शेजाऱ्यांशी भांडण मिटेल.

आपल्याकडच्या काळ्या रानात पाणी साठतं, ते हिला सोसत नाही, म्हणून बुडाशी मुरूम आणि शेणखत मिसळा. शेंड्याला ऊन आणि बुडाला सावली हवी. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उसाचं पाचट बुंध्याभोवती पसरून ठेवा, खोडाला चिकटवू नका.

आता व्यवहाराचं. 180 रुपये परत हवे असतील तर कधीही या, पावती नसली तरी चालेल. जाईचं रोप हवं असेल तर ते देतो, त्याचे पैसे नकोत. मोरवेल काढून टाकायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. ठेवणार असाल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः येऊन छाटून देतो, हातमोजे घालून. मिस्टरांनाही त्या दिवशी घरी थांबायला सांगा, द्राक्षवाल्यासमोर छाटणी करायची म्हणजे माझीही परीक्षाच आहे.

तोवर शेवग्यावरच्या काड्या ओढू नका, डहाळ्या मोडतील. बुडाशी छाटल्यावर वरचं आठवड्या-दोन आठवड्यांत वाळतं आणि झटकलं की सुटून येतं.